खंड्याच्या नावातला बर्फ

रोझविथा गुम्ब्रेख्तने कोटाची बटणं सोडायच्या आधीच विचारलं, "पान छापखान्यात किती वाजता जाणार?"

"चारला," डॉ. राबेनाउ म्हणाल्या. "चार म्हणजे चार. तिकडची बाई पाच मिनिटं थांबत नाही. तुम्ही बसा तरी आधी. क्राफन घ्या, डोर्नरांनी आत्ताच आणलेत."

कार्निव्हलचे दिवस होते. टेबलावर पिठीसाखर भुरभुरलेले गोल क्राफन होते, आत रानगुलाबाच्या फळांचा मुरंबा भरलेला. रोझविथाने एक उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

दोन आठवड्यांपूर्वी तिने बोलीकोशाच्या या कार्यालयाला अगदी थोडक्यात कळवलं होतं: तुमचे ओबरवायर्सबाख गावचे संग्राहक कोनराड गुम्ब्रेख्त ऑक्टोबरात वारले, यापुढे त्यांच्या नावाने प्रश्नावल्या पाठवू नयेत. पापा गेले ते नेमके तळी रिकामी करायच्या आठवड्यात. मासे तर काढायलाच हवे होते, त्यामुळे कोणाला रडायला सवड मिळाली नाही, आणि नंतर ती कोणी काढली नाही. राबेनाउ बाईंनी उत्तर मनापासून लिहिलं होतं. एवढंच नाही, घरच्यांना बरं वाटेल म्हणून नव्या खंडाचं छापायला निघालेलं एक पानही सोबत जोडलं होतं, कारण त्या पानावर ओबरवायर्सबाखचं नाव होतं.

"बाई, मी ते पान वाचलं," रोझविथा म्हणाली.

"हो ना? म्हटलं, तुम्हाला आवडेल."

"शेवटपर्यंत वाचलं."

तिने पिशवीतून पान काढून टेबलावर ठेवलं. राबेनाउ बाईंनी चष्मा लावला, मान खाली घातली, आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

नोंद खंड्याची होती. जर्मनीत त्याला आइसफोगल म्हणतात. आइस म्हणजे बर्फ, फोगल म्हणजे पक्षी. नोंदीत लिहिलं होतं की नावातल्या पहिल्या तुकड्याचं मूळ बर्फात नसावं. हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितांत तिथे लोखंडासाठीचा जुना शब्दही सापडतो, तेव्हा पिसांच्या निळ्या पोलादी चकाकीवरून हे नाव पडलं असणं शक्य आहे. मग शेवटचं वाक्य: "तळ्याच्या बर्फातल्या भोकापाशी येतो म्हणून हे नाव, असं ओबरवायर्सबाखचा एक माहितगार सांगतो, ती त्याची मनची कल्पना."

"लोखंड असेल," रोझविथा म्हणाली. "मी त्यावर भांडायला आले नाही. मीही चार पुस्तकं वाचलीत. पण 'मनची कल्पना' हे दोन शब्द जायला हवेत."

"हे मी लिहिलेलं नाही हो," राबेनाउ बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जुन्या चिठ्ठीवर आधीच्या संपादकांनी लाल पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. ते आता नाहीत. मी फक्त पुढे उचललं."

"ती चिठ्ठी मला माहीत आहे. त्यांनी तिची नक्कल पापांना पाठवली होती, १९८८ साली. पापांच्या कपाटात सापडली."

बाकीचं तिने सांगितलं नाही. पापांनी त्यानंतरही छत्तीस वर्षं चिठ्ठ्या पाठवल्या. भाज्या, अवजारं, गाईंच्या हाका, शिव्या, आजारांची नावं. पक्ष्यांवर मात्र एकही नाही. हे तिला जानेवारीत, त्यांच्या वह्या चाळताना कळलं होतं.

"तुमचा नियम काय आहे?" तिने विचारलं. "काय दाखवलं की हे शब्द जातात?"

"दोन घरं," दारातून आवाज आला. डोर्नर पायात लोकरी सपाता घालून उभे होते. चाळीस वर्षं या कार्यालयाचे खण तेच सांभाळत होते आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. "एका गावची दोन वेगळी घरं एकच गोष्ट सांगत असतील, तर 'गावात रूढ' असं छापतो. एकच घर असलं की संपादकाची मर्जी. आणि त्या साहेबांची मर्जी कशी असायची ते मला विचारा."

"डोर्नर!"

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, बरोबर. मी कुठे बोललो?" ते रोझविथाकडे वळले. "या, पक्षी वरच्या मजल्यावर आहेत."

वरच्या मजल्यावर छतापर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येकात पोस्टकार्डापेक्षा लहान चिठ्ठ्या दाबून भरलेल्या. शंभर वर्षं गावोगावचे मास्तर, पाद्री, पापांसारखे हौशी लोक प्रश्नांची उत्तरं पाठवत आले होते. राबेनाउ बाईंनी खंड्याचा खण काढला. तिघांनी वाटून घेतला. ओबरवायर्सबाखची चिठ्ठी एकच निघाली, पापांची. लाल पेन्सिल अजून तशीच ताजी दिसत होती. खाली माहितगाराच्या जागी पापांच्या सरळ, शाळकरी अक्षरात: "मी स्वतः."

"हेच नडलं," डोर्नर म्हणाले. "बाकी हजारो चिठ्ठ्यांवर अमक्याची अमकी, जन्म अमुक, असं व्यवस्थित लिहिणारा माणूस, आणि इथेच 'मी स्वतः'. साहेबांना वाटलं, याने घरी बसून रचलं."

रोझविथालाही ते कधी कळलं नव्हतं.

शेजारच्या पंधरा गावांच्या चिठ्ठ्या त्यांनी पाहिल्या. ओढ्याकाठची गावं खंड्याबद्दल भरभरून सांगत होती: बिळात राहतो, बिळाला घाण वास येतो, वाळवून कपाटात टांगला तर कपड्यांना कसर लागत नाही. तळ्यांच्या गावांनी नुसतं नाव लिहून सोडलं होतं. एक वाजला. राबेनाउ बाईंनी शेवटचा गठ्ठा खाली ठेवला आणि रोझविथाच्या हातातला सुकलेला क्राफन काढून घेऊन बशीत ठेवला.

"हे प्रश्न गावांना कधी पाठवले होते?" रोझविथाने अचानक विचारलं.

"पक्ष्यांचे? मे महिन्यात. उत्तरं जूनमध्ये आली. का?"

"जूनमध्ये!" ती उठूनच उभी राहिली. "बाई, जूनमध्ये आमच्या गावाला खंड्याबद्दल कशाला विचारायचं? तो असतो कुठे तेव्हा? ओढ्यावर, झाडीत. तळ्यावर आम्हाला तो दिसतो थंडीत. ओढा गोठला की त्याला उघडं पाणी लागतं, आणि उघडं पाणी कुठे असतं? आम्ही पाडलेल्या भोकात! कार्प मासे गुदमरू नयेत म्हणून बर्फात वूने, म्हणजे भोकं पाडतात ना, तिथे. जूनमध्ये विचारलं तर आमचा माणूस म्हणणार, आइसफोगल, हो, असा पक्षी असतो. संपलं. त्याला बर्फाबद्दल विचारा, मग बघा तो पक्ष्याबद्दल कसा बोलतो!"

डोर्नर सपाता फटफटवत आधीच जिन्याकडे निघाले होते. "बर्फ तळघरात," ते ओरडले. "नेहमीसारखा!"

तळघरात गारठा होता. हिवाळ्यातल्या कामांची प्रश्नावली १९२६च्या डिसेंबरात गेली होती. तिची उत्तरं कामानुसार लावलेली होती, शब्दानुसार नव्हे, म्हणून कोशाच्या कामात त्यांना फारसा हात लागलेला नव्हता. सूतकताई, डुक्कर कापणं, लाकूडतोड. मत्स्यपालनाचे खण नऊ होते. तिघांनी तीन तीन घेतले. रोझविथा जमिनीवरच बसली. जुनी वळणदार लिपी तिला अडखळत वाचता येत होती. "वूने" हा शब्द मात्र ती लांबून ओळखायला लागली. प्रत्येक चिठ्ठीगणिक तिला वाटायचं, हीच. आणि प्रत्येक चिठ्ठी कुऱ्हाडीवर किंवा माशांच्या श्वासावर येऊन संपायची.

"तुमचे पापा पाडायचे का हो वूने?" डोर्नरांनी मान वर न करता विचारलं.

"पंचाहत्तरीपर्यंत. मग आत्याने कुऱ्हाड लपवली."

"सापडली त्यांना?"

"त्यांनी नवी आणली."

डोर्नर खदखदून हसले, आणि त्याच क्षणी राबेनाउ बाई म्हणाल्या, "थांबा. थांबा, थांबा, थांबा."

त्यांनी चिठ्ठी दिव्याखाली धरली. मग त्या एकेक शब्द सुटा करून वाचू लागल्या:

"ओबरवायर्सबाख. जानेवारी १९२७. प्रश्न: तळं गोठल्यावर माशांसाठी काय करतात? उत्तर: वूने पाडतात. भोकात बोरूची पेंढी उभी ठेवतात, म्हणजे त्यावर पुन्हा बर्फ धरत नाही. पेंढीवर आइसफोगल येऊन बसतो. त्याचं नाव त्यावरूनच पडलं, कारण बर्फ धरल्याशिवाय तो आमच्याकडे पाऊल टाकत नाही. सांगणार: कुनिगुंडे, जन्म १८६९, वायरमिखलकडची."

"झालं!" डोर्नरांनी खणावर थाप मारली. धूळ उडाली. "एक घर गुम्ब्रेख्त, दुसरं घर वायरमिखल! दोन घरं! बाई, पंचवीस मिनिटांत बसवतो ती ओळ. 'गावात रूढ'!"

राबेनाउ बाईंनी चक्क रोझविथाला मिठी मारली, आणि मारून झाल्यावर स्वतःच संकोचल्या. "गुम्ब्रेख्त बाई, तुमचे वडील बरोबर होते. पूर्ण गाव हेच सांगत होतं. मी आत्ता छापखान्याला फोन करते."

रोझविथा हसली, पण ते हसू तिला नीट धरता येईना.

"मला एक फोन करायचा आहे," ती म्हणाली. "दोन मिनिटं."

जिन्यात येऊन तिने बाबेट आत्याला फोन लावला. पलीकडे तेलाचा चर्र आवाज येत होता.

"आत्या, कुनिगुंडे कोण?"

"कोण म्हणजे? आमची आजी. कुनी आजी. का गं, ती कुठून उगवली?"

"चिठ्ठीतून. १९२७ सालच्या. खंड्याचं सांगितलंय तिने. अगदी पापांसारखं, त्याच शब्दांत."

"मग! कोनराडला ते तिनेच सांगितलं होतं. पाच वर्षांचा होता, तेव्हापासून त्याला बर्फावर घेऊन जायची." कढई बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "मिळालं ना तुला हवं ते? मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. आत्या, त्यांना दोन घरं लागतात. आणि चिठ्ठीवर लिहिलंय, वायरमिखलकडची. या लोकांना वाटतंय ते वेगळं घर आहे."

ओबरवायर्सबाखमध्ये घराला आपलं नाव असतं. माणसं येतात, लग्नं होतात, आडनावं बदलतात, घराचं नाव बदलत नाही. कधीकाळी तळ्यावर राहणाऱ्या मिखेलचं घर ते वायरमिखल, मग आत गुम्ब्रेख्त राहोत नाहीतर आणखी कोणी. आडनाव टपालवाल्याला आणि सरकारला लागतं. पापा फोनवर सरकारी माणसाशी बोलताना गुम्ब्रेख्त असायचे आणि बेकरीत वायरमिखल. गावाबाहेरच्या कोणालाही हे कळायचं कारण नव्हतं.

"मग वाटू दे की त्यांना!" आत्या एकदम म्हणाली. "तू तोंड उघडू नकोस. छत्तीस वर्षं त्याला खोटा ठरवलं, आता दोन घरं तर दोन घरं. कोण येतंय बघायला?"

"पापांनी चालवून घेतलं असतं?"

"त्याचं काय सांगतेस! तो तर असा गाढव की..." आत्या थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज खाली आला होता. "तुला माहीत आहे का, त्याने त्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव का घातलं? मी म्हटलं होतं त्याला, कुनी आजीचं घाल. म्हणाला, नाही, माहितगार जिवंत असायला हवा, असं त्यांच्या पत्रकात छापलंय. आजी जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झालेली. म्हणून मी स्वतः. नियम म्हणजे नियम, बाबेट, म्हणाला. घे! नियम पाळला आणि खोटा ठरला."

रोझविथा जिन्याच्या थंड कठड्याला टेकली. खालून डोर्नरांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. "मी स्वतः" हे दोन शब्द तिने जानेवारीपासून किती वेळा वाचले होते, आणि दर वेळी त्यांच्याबद्दल तिच्या मनात बारीकसा राग आला होता. इतकी वर्षं चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाने एवढी साधी गोष्ट चुकवावी? आता तिला वाटलं, धावत पापांच्या कपाटापर्यंत जावं आणि दार उघडून सांगावं की कळलं. कपाट सत्तर किलोमीटर दूर होतं, आणि ते कळवायला तिथे कोणी नव्हतं.

"ठेवते आत्या. परत करते फोन."

"अगं, ऐक, गप्प राहा!"

ती खाली गेली. राबेनाउ बाई छापखान्याचा नंबर फिरवत होत्या.

"बाई, फोन ठेवा," रोझविथा म्हणाली. "वायरमिखल हे आमच्याच घराचं नाव आहे. कुनिगुंडे पापांची आजी. घर एकच."

डोर्नरांचं गुणगुणणं बंद पडलं. राबेनाउ बाई फोन कानाशी तसाच धरून उभ्या राहिल्या. आतून कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

"तुम्ही हे मला सांगायला नको होतं हो," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आता मला 'गावात रूढ' छापता येणार नाही."

"तेही माहीत आहे. पण तारीख बघा."

"कसली तारीख?"

"चिठ्ठी १९२७ची आहे." रोझविथाने वरून सोबत आणलेली पापांची चिठ्ठी तिच्याशेजारी ठेवली. "पापांचा जन्म १९४१चा. जन्माच्या चौदा वर्षं आधी कोणी मनची कल्पना करत नाही. आणि 'मी स्वतः' का, तेही आत्ताच कळलं. माहितगार जिवंत हवा, असा तुमचाच नियम होता. ज्या बाईने सांगितलं ती गेलेली होती."

डोर्नर खाली वाकून दोन्ही चिठ्ठ्या आलटून पालटून बघत राहिले. मग सरळ झाले आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. १९८५चं पत्रक! 'केवळ हयात व्यक्ती.' ते साहेबांनीच काढलं होतं. मी स्वतः पाकिटं चिकटवली होती त्याची!"

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग जी झटापट सुरू झाली तिला भांडण म्हणावं की उत्सव, सांगता येणार नाही. वाक्य जुन्या वाक्याच्या जागेतच बसायला हवं होतं, नाहीतर पान पुढे सरकलं असतं आणि खंडाची पन्नास पानं हलली असती. राबेनाउ बाई अक्षरं मोजत होत्या. डोर्नर शब्द सुचवत होते आणि ते सगळे लांब निघत होते. रोझविथाने तीन वेळा "परंपरेने" हा शब्द घातला आणि बाईंनी तीन वेळा काढला.

"परंपरा म्हणजे किती घरं?" त्या ओरडल्या. "एक! एका घराला परंपरा म्हणत नाहीत, सवय म्हणतात!"

"मग घराचं नाव घाला!"

"कोशात घरांची नावं घालत नाहीत!"

"का घालत नाहीत?" डोर्नरांनी विचारलं.

राबेनाउ बाईंनी पेन उचललं. "कारण... आजवर कोणी मागितलंच नाही." त्या लिहू लागल्या. खोडलं, पुन्हा लिहिलं. तीन चाळीस. मग त्यांनी कागद वळवला.

"तळ्याच्या बर्फातल्या भोकापाशी येतो म्हणून हे नाव, असं ओबरवायर्सबाख येथील वायरमिखल या घरात निदान १९२७पासून सांगतात."

रोझविथाने वाचलं. पुन्हा वाचलं. "सांगतात," ती म्हणाली. "सांगत असत नाही."

"नाही. तुम्ही आहात ना अजून? आत्या आहेत ना? मग सांगतात." बाईंनी शाईच्या पेनने जुन्या ओळीवर आडवी रेघ मारली. "मनची कल्पना" हे शब्द रेघेखाली गेले. डोर्नर पान घेऊन सपातांवर धावले. तीन अठ्ठेचाळीसला छापखान्यातून निरोप आला की मिळालं, आणि अजून कोणाला काही हलवायचं असेल तर त्याने स्वतः येऊन पानं जुळवणाऱ्याच्या पाया पडावं.

रोझविथाने जिन्यात जाऊन आत्याला ओळ वाचून दाखवली. आत्याने ती दुसऱ्यांदा वाचायला लावली.

"एका घरात?" आत्या म्हणाली. "फक्त एका? म्हणजे बाकीचं गाव मुकं होतं का?"

"दुसऱ्या घराचा पुरावा नाही आत्या. पुरवणी खंड तीन वर्षांनी निघेल. तोपर्यंत मिळाला तर..."

"तीन वर्षं? श्मिडहान्सकडची ग्रेटे चौऱ्याण्णव वर्षांची आहे! कान गेलेत, पण तोंड शाबूत. ती तीन वर्षं थांबणार आहे का तुमच्या खंडासाठी? आणि बेकाबेट्झकडचा लोरेन्झ. तो कोनराडशी आयुष्यभर भांडला, त्याच्या तोंडून आलं तर कोणी म्हणणार नाही की संगनमत आहे. पण त्याला आपल्या घरी सांगतात म्हणून सांगू नकोस, मुद्दाम उलटं बोलेल. त्याला नुसतं विचार, बर्फावर काय काय येतं. आणि म्यूलक्रिस्टलकडे... थांब, ती गेली नाताळात. नाही, ती बहीण. ही आहे. तू लिहितेस की नुसती ऐकतेस?"

रोझविथाने परतीचं रेल्वेचं तिकीट उलटं करून कठड्यावर ठेवलं आणि पर्समध्ये पेन शोधू लागली.

"हळू सांग आत्या," ती म्हणाली. "ग्रेटेचं जन्मसाल काय?"